सावडीतलं पहिलं वावर

माझी सून बुलढाण्याच्या एका कॉलेजात शिकवते. काय शिकवते, हे मला बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं. गावात कोणी विचारलं की मी म्हणायचो, "मोठ्या पोराईले शिकवते." मग आतून माझ्या बायकोचा आवाज यायचा, "माहीत नाई तर माहीत नाई म्हना ना. लाज वाटते काय?"

बायकोला माहीत होतं. सून सुट्टीत आमच्या गावी, अमडापूरला आली की दोघी ओट्यावर तूर निवडत बसायच्या आणि सून तिला सगळं सांगायची. मी ऐकायचो नाही. आपलं काय काम, असं वाटायचं. आता मला ते पाठ आहे, म्हणून इथे सांगतो.

योजना येते. कधी सरकारची, कधी एखाद्या संस्थेची. नारळ फुटतो, फोटो निघतात. दोन-तीन वर्षांनी कोणीतरी पाहायला येतं की बाबा, हिच्यामुळे लोकांचं खरंच काही भलं झालं, का नुसता नारळच फुटला. त्या पाहण्याला मूल्यमापन म्हणतात. ते कसं करायचं, कोणाला काय विचारायचं, सांगणारा खोटं सांगतोय हे कसं ओळखायचं, हे शिकवणाऱ्या मास्तरांपैकी माझी सून एक आहे.

या मास्तरांचं एक दुखणं असतं. एका कॉलेजात हा विषय शिकवणारा बहुतेक एकच माणूस. इतिहासवाल्याला चहाला दुसरा इतिहासवाला भेटतो, यांना कोणीच नाही. वर्गात काही फसलं तर सांगायचं कोणाला? म्हणून सुनेनं एक गट उभा केला. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतले चाळीसेक जण. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता सगळ्यांनी मोबाईलवर, कॉम्प्युटरवर एकत्र यायचं आणि एकमेकांपासून शिकायचं. हे तिनं कोणी सांगितलं म्हणून केलं नाही. स्वतःहून केलं. घरचं, कॉलेजचं, पोरांचं सगळं करून केलं.

त्याच वर्षी माझी बायको गेली. चार दिवसांच्या तापात गेली. त्यावर मी फार लिहिणार नाही. लिहायला बसलं की रडायला येतं आणि माझं अक्षर आधीच वाईट, ते आणखी बिघडतं. चौथी शिकलेला माणूस मी. चौथीही पुरी नाही, परीक्षेच्या वेळी गव्हाची सोंगणी होती. एवढंच लिहितो की पंचेचाळीस वर्षं ती बाई माझं बोलणं मधेच तोडत आली. आता माझं बोलणं शेवटपर्यंत जातं, कोणी तोडत नाही, आणि मला ते अर्धवट वाटतं.

मुलगा नोकरीपायी सारखा बाहेरगावी. गावात एकटा कसा राहणार म्हणून तो मला बुलढाण्याला घेऊन आला. मी सकाळी गच्चीवर बसायचो, दुपारी व्हरांड्यात बसायचो. ऊन जसं सरकेल तशी खुर्ची सरकवायची, एवढंच काम. सूनबाई पाहत होती. एका शुक्रवारी ती कागद घेऊन आली.

"मामाजी, एक काम करसान काय?"

"काय?"

"उद्या मीटिंग हाये. मी मेसेज टाकते, पन कोनी पाहतच नाई. मागच्या वेळी सात जन आले. तुम्ही फोन करसान सगळ्याईले?"

"मी? माही भाषा ऐकून पळतीन ते."

"पळाले तर पळाले. तसेही कोठी येऊन राह्यले?"

कागदावर चाळीस नावं आणि नंबर. मी चष्मा लावला आणि सुरू झालो. आता, आमच्याकडे लग्नाच्या जेवणाचं नुसतं आवतन देऊन भागत नाही. आवतन आदल्या दिवशी. पंगत बसायच्या वेळी पुन्हा माणूस पाठवावा लागतो, चला, पानं मांडली म्हणून. हे दुसरं बोलावणं आलं नाही तर माणूस घरात उपाशी बसेल, पण निघणार नाही. मी तेच धरलं. शुक्रवारी एक फोन, शनिवारी पावणेचारला दुसरा.

पुण्याकडचे एक सर होते. पुस्तकं लिहिलेले, मोठे. त्यांच्या नावावर गटात निम्मी माणसं आलेली. त्यांना दुसरा फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी मॅडमचा सासरा, बुलढाण्याहून. चला, चार वाजून राह्यले."

"अहो, पण काल कळवलंत ना तुम्ही?"

"काल आवतन होतं. हे बोलावणं हाये."

मग म्हणाले, "ही कुठली पद्धत?"

"जेवाची. या लवकर, पंगत बसून राह्यली."

आले. रागाने आले, पण आले. त्या शनिवारी बावीस झाले, पुढच्या वेळी तीस. सूनबाई घरात येताना गुणगुणत यायला लागली. मी पण दोन महिने फुगून होतो. मुलाचा फोन आला की सांगायचो, "तुह्या बायकोचा गट मी चालवून राह्यलो." सून हसायची. खोडायची नाही.

मीटिंगच्या वेळी मी तिच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचो, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा. आणि हळूहळू मला दिसायला लागलं की पंगत बसली आहे, पण जेवत कोणी नाही. एक जण तासभर बोलायचा, बाकीच्यांच्या चौकोनात काळोख. मीच फोन करणारा, त्यामुळे कोण कुठे आहे ते मला माहीत. एक मॅडम त्या वेळेला पोळ्या लाटत असायच्या. एक सर एसटीत असायचे, कंडक्टरचा आवाज मी स्वतः ऐकलेला. आणि जो बोलायचा तोही काय बोलायचा? माझ्या वर्गात हे असं छान झालं, ते तसं छान झालं. फसलेलं कोणी सांगेचना. शेवटी सगळे लिहायचे, थँक यू मॅडम. काळे चौकोन एकामागून एक गायब.

सहा महिने झाले तेव्हा सुनेनं सगळ्यांना प्रश्न पाठवले. मोबाईलवरच उत्तर लिहायचं. या गटामुळे तुमच्या शिकवण्यात काय बदललं? इथे काय निरुपयोगी आहे? असे. उत्तरं आली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला. चिरता चिरता मला वाचून दाखवायला लागली.

"उत्कृष्ट. फार छान उपक्रम. शब्द अपुरे आहेत. हे पाहा, पुण्याचे सर, स्तुत्य. काय निरुपयोगी हाये, तर तठी सगळ्याईनं लिहिलं, काही नाही." आधी ती हसत होती. मग चाकू थांबला. "मामाजी, हेच लोक पोराईले शिकवतात, की अशी उत्तरं आली तर समजा तुमचा प्रश्नच मेला. अन् स्वतः काय लिहून राह्यले!"

याच्यामागे आणखी एक गोष्ट होती. ती या गटाला शनिवारची दुपार देत होती, ती कॉलेजच्या मोठ्या साहेबांच्या परवानगीने. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की सहा महिन्यांचा अहवाल द्या. त्यावरून ठरवू, शनिवार द्यायचा का पुन्हा तास लावायचे. तास लागले की गट बंद. एवढं सरळ होतं.

मी म्हणालो, "मंग हेच पाठव ना साहेबाले. सगळे चांगलंच तर म्हनून राह्यले."

"खोटं हाये ते, मामाजी."

"खोटं काऊन? लोकाईनंच लिहिलं. तू थोडीच लिहिलं?"

"कोनाच्या शिकवन्यात काहीच बदललं नाई. मले माहीत हाये."

"तुले माहीत हाये. साहेबाले कोठी माहीत हाये?"

"असं चालवाच्यापरस बंद पडलेलं बरं."

"मूर्ख हायेस तू." सुनेला असं बोलू नये. मी बोललो.

ती रागावली नाही. भेंडीचा देठ बाजूला सारला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नळाच्या वेळी आत्यालेही तुम्ही हेच म्हनले होते."

मला वाटलं नव्हतं तिला ते माहीत असेल. आत्या म्हणजे तिची सासू, माझी बायको. आमच्या घरात झालेली गोष्ट होती, आणि बायको तर आता राहिली नव्हती.

झालं होतं असं. गावात नळयोजना आली तेव्हा पाणी समितीचा अध्यक्ष मी होतो. टाकी बांधली खालच्या अंगाला. खालच्या वेटाळात, म्हणजे आळीत, पाणी धो धो, वरच्या वेटाळात चढेना. चढलं तरी करंगळीएवढी धार. दोन-तीन वर्षांनी बाहेरून माणसं आली, योजना कशी चालली ते पाहायला. दोन पोरं आणि एक पोरगी, हातात कागद. उतरली माझ्या घरी. मी त्यांना खालचं वेटाळ फिरवलं. नळ सोडून दाखवले. मग घरी आणून बसवलं, पोहे दिले. ती पोरगी लिहीत होती आणि मी सांगत होतो, सगळ्या गावाला पाणी आहे. तेव्हा बायको चहा घेऊन बाहेर आली. ट्रे हातातच, खाली ठेवला नाही. म्हणाली, "पोरी, वरच्या वेटाळात जाय, मंग लिह्य."

मी म्हणालो, "मूर्ख हाये ती. तिले काय समजते? तू चहा ठेव अन् आत जा."

ती आत गेली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मी हसलो, ती पण हसली. कागदावर लिहिलं गेलं, योजना यशस्वी. मला कोणी पैसा दिला नव्हता, कोणाचा दाब नव्हता. बाहेरच्यापुढे गावाचं वाईट सांगायचं नाही, एवढंच डोक्यात.

"आत्यानं सांगतलं तुले?" मी विचारलं.

"हाव. तूर निवडतानी. मी दरवर्षी वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगते."

"वर्गात?"

"नाव नाई घेत. एक गाव होतं, एक अध्यक्ष होते, असं सांगते."

"अन् तो अध्यक्ष कसा माणूस हाये म्हनून सांगतेस?"

"चांगला माणूस हाये म्हनून सांगते. वाईट माणूस म्हटला की पोराईले वाटते आपन असं कधी करनार नाई."

मी उठून बाहेर गेलो. बस स्टँडपर्यंत चालत गेलो, तिथे चिखलीच्या गाड्या लागतात त्या बाजूला बसलो. चिखलीला गाडी बदलली की अमडापूर. चढावं असं वाटलं. चढून काय करणार होतो? घराला कुलूप. दरवर्षी साठ-सत्तर पोरं माझ्यावर पाटी गिरवतात आणि मला पत्ता नाही, हे राहून राहून मनात येत होतं. आणि बायकोनं हे तिला सांगितलं, मला पुन्हा कधीच नाही, हेही. दोन दिवस मी सुनेशी बोललो नाही. ती पण बोलली नाही. ताट मात्र वेळेवर यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "बाई, तुह्या गटात सावड नाई."

ती खेड्यातली, तिला सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. सावड म्हणजे आज सगळ्यांचे बैल, सगळ्यांची माणसं माझ्या वावरात म्हणजे शेतात, उद्या तुझ्या वावरात, परवा त्याच्या. कोणी कोणाला मजुरी द्यायची नाही, पाळी फिरवायची. पण सावडीत एक होतं. आपलं वावर उघडं पडायचं. एरवी बांधावरून जाणाऱ्याला पीक दिसतं. सावडीला आलेला मधोमध उतरतो, त्याला हराळी दिसते, वाकडं तास दिसतं, पाणी साचणारा खड्डा दिसतो. मग टोमणे, "काय बे, तण पेरलं काय यंदा?" मान खाली घालून ऐकून घ्यायचं. पण टोमणा मारणाराच वाकून ते तण उपटायचा, कारण उद्या पाळी त्याच्या वावराची.

मी म्हणालो, "तुह्याकडे सगळे दुसऱ्याच्या बांधावरून पीक पाहून राह्यले, छान छान करून राह्यले. एका शनिवारी एकाचं वावर घ्या. त्याचं काय फसलं ते त्यानं सांगावं. सगळ्याईनं त्यातच उतरावं. कोनी काळोखात बसाचं नाई."

सुनेनं पोळी तव्यावर टाकली, उलटली. मग म्हणाली, "पहिलं वावर कोन देईन? इज्जतीचा सवाल हाये. मोठमोठे लोक हायेत."

"माहं घे."

"तुम्ही कोठी मास्तर हा?"

"वर्गात उभा करतेस ना दरसाल? मंग इथंबी कर. नाव घेऊन."

पोळी करपली. तिनं ती बाजूला काढली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सासऱ्याले मी असं बसवलं म्हनून लोक मले काय म्हनतीन?"

"ते तू पाहून घे. मी फोन करतो."

फोनवर या वेळी मी सरळ सांगितलं. "शनिवारी छान छान नाई. माही चूक पाहाले या." जे कधी आले नव्हते तेही आले. चूक पाहायला माणूस लांबून येतो.

सुनेनं माझी टोपी सरळ केली, लॅपटॉप समोर ठेवला. मी इतका जोरात सुरू झालो की कोणीतरी म्हणालं, "काका, हळू बोला, आम्ही कानातच लावलंय." मग हळू बोललो. टाकी, वरचं वेटाळ, ती तीन पोरं, पोहे, सगळं सांगितलं. बायकोला काय म्हणालो तो शब्दही सांगितला. सुनेनं माझ्या पाठीमागे खुर्ची हलवली, तेवढाच आवाज.

मग गोंदियाकडच्या एक मॅडम बोलल्या. त्या पोळ्या लाटणाऱ्या. आज त्यांचा चेहरा दिसत होता.

"काका, ते येणार हे तुम्हाला आधी कळलं होतं?"

"हो. आठ दिवस आधी."

"मग त्या आठ दिवसांत तुम्ही काय केलं?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "टाकी पूर्ण भरून ठेवली," मी म्हणालो. "पानी दिवसा सोडाले लावलं. एरवी पहाटे सोडत होतो."

"घरं कोणी निवडली?"

"मीच."

"काकूंना त्या लोकांनी नंतर एकटं गाठून विचारलं?"

"नाई."

"तुम्ही?"

"मीबी नाई. त्याच्यानंतर पंधरा वर्षं होती ती माह्या घरात. मीबी नाई इचारलं."

"मग काकूंनी काय केलं?"

मग तेही सांगितलं. योजना यशस्वी झाल्याचं ग्रामपंचायतीत वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, मी घरी आलो तर तिनं खालच्या वेटाळातल्या आमच्या नळाला पाइप जोडून भिंतीतून बाहेर काढला होता. त्या दिवसापासून वरच्या वेटाळातल्या बाया आमच्या दारात हंडे-गुंड घेऊन पाणी न्यायला यायच्या. मी लोकांना सांगायचो, आमच्या घरी दानधर्म चालतो.

त्या मॅडम म्हणाल्या, "काका, म्हणजे खरा अहवाल काकूंनी दिला होता. दारातच ठेवला होता."

सुनेनं पाणी दिलं. कोणी आपला चौकोन काळा केला नाही. मला तेवढं आठवतं, सगळे चेहरे थांबून होते.

मग पुण्याकडचे सर बोलले. "तुम्ही खोटं का बोललात? तुमचा काय फायदा होता?"

"फायदा कशाचा? पाहुन्यापुढे कोनी घरातलं उष्टं दाखवते काय, सर?"

"पाहुणे," ते म्हणाले. "आम्ही मुलांना सांगतो, गावात जा, लोकांशी चांगलं वागा, त्यांच्या घरी चहा घ्या. एकदा पाहुणा झाला की त्याला खरं कोण सांगणार? हे मी कधी शिकवलं नाही." मग विचारलं, "हा प्रसंग मी माझ्या वर्गात घेतला तर चालेल?"

"घ्या. पन नुसतं माहं सांगू नका. खरं ती बोलली होती, हे आधी सांगा."

"सांगतो," ते म्हणाले. आणि मग, कोणी न विचारता, "पुढचं वावर माझं."

सुनेनं अहवाल लिहिला तो असा. पहिले सहा महिने वाया गेले. लोक आले, पण शिकले नाहीत. चूक माझी, मी त्यांना नुसतं ऐकायला बसवलं. खरी मीटिंग काल एक झाली. सोबत ती छान छान उत्तरंही जोडली, आणि खाली लिहिलं की ही खरी धरू नयेत. हे सगळं तिनं मला वाचून दाखवलं. मी एकही शब्द बदलायला सांगितला नाही.

कॉलेजचे साहेब म्हणाले म्हणे, "मॅडम, स्वतःच्या हातानं असं कोणी लिहितं का?" मग म्हणाले, दिवाळीपर्यंत पाहू. एकाच मीटिंगवर मी काही ठरवणार नाही.

म्हणजे सगळं आता पुण्याकडच्या सरांच्या पाळीवर आलं. ते आले आणि खरोखर आपलं वावर घेऊन आले. एका विद्यार्थ्यानं एका योजनेचं मूल्यमापन केलेलं, ते त्यांनी दाखवलं. त्याला त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले होते. म्हणाले, "मला वाटतं मी चुकलो, पण नक्की कुठे ते मला कळत नाही. तुम्ही शोधा."

मग काय, उतरले सगळे. पहिल्यांदा भीत भीत. सर मोठे, त्यांच्या पुस्तकातून हेच लोक शिकलेले. एकानं एक दाखवलं, दुसऱ्यानं दुसरं. सर हं हं करत होते. मग त्या गोंदियाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, पोराची चूक नंतर बघू. तुम्ही त्याला जे प्रश्न विचारायला दिले, तेच असे आहेत की लोक हो म्हणूनच उत्तर देतील. हे तुमच्या पुस्तकातलेच प्रश्न आहेत. मी पण सात वर्षं तेच शिकवत आले."

सरांचा चेहरा लाल झालेला मला बुलढाण्यात बसून दिसला. ते काहीतरी बोलायला गेले आणि त्यांचा चौकोनच गेला. नाव पण गेलं.

मला कळत होतं काय होणार ते. सर गेले की त्यांच्या नावावर आलेले जातील. ते गेले की गट गेला, शनिवार गेला. माझा हात खिशातल्या फोनकडे गेला. सुनेनं खालच्या खाली माझं मनगट धरलं आणि नाही अशी मान हलवली. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही बोलत होता. पुढे सांगा. कोणता प्रश्न? वाचून दाखवा."

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. माझं मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

मॅडम वाचायला लागल्या. दुसरे बोलायला लागले. तो प्रश्न कसा बदलावा यावर दोघांचं वाजलं. एसटीवाले सर आज घरी होते, ते म्हणाले, हा प्रश्न बाईला तिच्या नवऱ्यासमोर विचारलाच कसा? कोणी सरांची वाट पाहत थांबलं नाही. वावर त्यांचं होतं आणि ते नव्हते, तरी काम चालू राहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आता हा गट माझ्या फोनवर नाही. आणि त्याचं वाईट वाटलं नाही. मी माझ्या सुनेकडे पाहत होतो, ही बाई माझ्या घरात आली म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजत होतो.

दहा-बारा मिनिटांनी चौकोन पुन्हा उजळला. सर होते. चष्मा काढलेला.

"नेट गेलं होतं," ते म्हणाले.

"हो सर," सून म्हणाली. "या."

त्यांनी चष्मा पुसला, लावला. "नेट नव्हतं गेलं. राग आला होता मला." मग वहीचं पान उलटलं. "मॅडम, तुमचा तो मुद्दा परत सांगा. मी लिहून घेतो."

मॅडमनी परत सांगितला. एक शब्दही मऊ केला नाही. सर लिहीत होते, मध्येच थांबून विचारत होते. ती मीटिंग साडेसहाला संपली, आणि संपताना थँक यू मॅडम असं कोणी लिहिलं नाही. पुढची पाळी कोणाची, यावरून भांडण लागलं होतं. तिघांना आपलंच वावर आधी हवं होतं.

दिवाळीनंतर साहेबांनी शनिवार कायम करून दिला.